आजारी लेकराची घरी देखभाल: घरात काय करायचं आणि घर कधी सोडायचं

पाथर्डी तालुक्यात लहान मूल आजारी पडलं की त्याचा पहिला दवाखाना म्हणजे घरच. अम्मी कपाळाला हात लावून बघते, दादी शेक सांगते, शेजारची खाला मागच्या वेळचं उरलेलं औषध काढून देते. डॉक्टरचा नंबर त्यानंतर लागतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांच्या बहुतेक छोट्या आजारांत घरची देखभालच जास्त कामाला येते. पण काही आजारांत घरात गेलेला एकेक तास लेकराच्या जिवावर उठतो.

घरी काय बिनधास्त करता येतं, काय अजिबात करू नये आणि कोणती खूण दिसली की सगळं टाकून निघायचं, ही माहिती इथे एकत्र दिली आहे. लेख जपून ठेवा आणि घरातल्या बायकांना वाचून दाखवा. आजाराची पहिली खूण त्यांनाच दिसते आणि निघायचा निर्णय मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातात असतो.

घरच्या देखभालीचा धडा महाराष्ट्राच्या खेड्यांनीच दिला

हा विषय आपल्याला परका नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दवाखान्यात बसून पेशंटची वाट बघत बसलं तर लेकरं वाचत नाहीत, हे त्यांना लवकर कळलं. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक अक्षरशत्रू होत्या. त्यांना शिकवून त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची, हे या बायकांनी घरोघरी पोचवलं. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचं मोठं काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्या थोडं शिकलेल्या बाया 'आरोग्यदूत' झाल्या. त्या बाळाचं वजन करायच्या, ताप मोजायच्या, श्वास मोजायच्या, बाळाला गरम ठेवायला शिकवायच्या आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही द्यायच्या. सुरुवातीला तिथे दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे तो ५९.६ होता. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर आशा ताईंमार्फत देशभर नवजात बाळांच्या घरभेटी सुरू केल्या.

या दोन्ही कामांतून एकच गोष्ट कळते. घरची देखभाल म्हणजे अंदाजाने केलेले उपाय नव्हेत. घड्याळ लावून श्वास मोजणं, थर्मामीटरने ताप बघणं, वजन लिहून ठेवणं आणि ठरलेली खूण दिसताच दवाखाना गाठणं, याचं नाव घरची देखभाल.

पहिले ४२ दिवस: आपला चिल्ला आणि आशा ताईंच्या भेटी

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ चिल्ल्याचे ४० दिवस घरात असतात. आशा ताईंच्या भेटींचं वेळापत्रकही जवळपास एवढंच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी असतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक भेट. म्हणजे अकीक्याच्या सातव्या दिवशीही भेट आहे आणि चिल्ला संपता संपताही आहे. या भेटींचे पैसे कुटुंबाने द्यायचे नसतात. आशा ताईंना त्यांचा मोबदला सरकारकडून मिळतो.

यात आपल्याकडे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, पहिलं बाळंतपण मायक्यात होतं. नाव सासरच्या गावात नोंदलेलं आणि बाळ मायक्यात, त्यामुळे दोन्हीकडच्या आशा ताईंना वाटतं की दुसरी बघत असेल. म्हणून मायक्यात पोचल्याबरोबर तिथल्या आशा ताईंना कळवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. दुसरी अडचण म्हणजे आशा ताई दारात येते, पुरुष मंडळी बाहेरूनच "सगळं ठीक आहे" सांगतात आणि ती परत जाते. तिला आत बोलवा. बाळाचं वजन, ताप आणि दूध पिणं तिने स्वतः बघितलं तरच त्या भेटीचा उपयोग आहे.

या काळात घरी करायच्या गोष्टी अशा:

- जन्मानंतर तासाभराच्या आत आईचं दूध. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही. ती बाळाची पहिली लसच समजा.
- सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही.
- बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. कोरडं पुसून, टोपी-मोजे घालून आईच्या अंगाशी ठेवा.
- जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं ठेवून वरून पांघरूण घ्या. याला काँगारू पद्धत म्हणतात. आई दमली तर अब्बा, दादी, नानी कोणीही हे करू शकतं. वजन दोन किलोच्याही खाली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी ठेवू नका.
- नाळेला काही लावायचं नाही. हळद नको, तेल नको, राख तर अजिबात नको. ती कोरडी आणि उघडी राहू द्या.
- बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा.

रिवाज: काय ठेवायचं, काय बदलायचं

आपले काही रिवाज बाळाच्या भल्याचे आहेत, काहींमध्ये थोडा बदल हवा.

कानात अजान देणं हे बाळाचं स्वागत आहे, ते जरूर करा. पण काही ठिकाणी इतक्या-इतक्या वक्तच्या अजान होईपर्यंत बाळाला दूध द्यायचं नाही असं सांगतात. असं थांबणं बाळासाठी धोक्याचं आहे. उपाशी बाळाच्या रक्तातली साखर उतरते आणि ते थंड पडतं. दूध पाजण्याबद्दल तर कुरआनमध्येच, सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत, पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे.

तहनीक म्हणजे खजूर चावून त्याचा अंश बाळाच्या टाळूला लावणं. हे करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. करणाऱ्याचे हात-तोंड स्वच्छ असावं, त्याला खोकला किंवा टीबी नसावा आणि अंश अगदी नावापुरता असावा. बाळ कमी वजनाचं किंवा आजारी असेल तर थांबा. खजुराच्या जागी मध मात्र लावू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधातल्या एका जंतूमुळे बाळाचं अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो. घुट्टी आणि जन्मघुटीचंही तेच, सहा महिन्यांच्या आत काहीच नको.

सुरमा आणि काजळ यांबद्दल विशेष सांगायला हवं. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसं असतं. ते डोळ्यांतून आणि बोटांवरून तोंडात जाऊन अंगात साठतं आणि मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं. लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नका.

दुआ करा, दम करून घ्या, त्याला कोणी अडवत नाही. पण दवा थांबवून नुसती दुआ नको. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण घरोघरी माहीत आहे. आजारी लेकराच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे वेळेवर औषध देणं.

जुलाब: पाणी हेच औषध

जुलाबात मूल जंतूपेक्षा अंगातलं पाणी संपल्याने दगावतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ पसरली आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं. ते आई-बापच आपल्या माणसांना पाजत होते. छावणीतले मृत्यू जवळपास तीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ यांचं पाणी करायला आयांना शिकवून आल्या. पडदा पाळणारी घरं, शाळा न पाहिलेल्या माता, तरीही हे ज्ञान घरोघरी पोचलं.

घरी काय करायचं:

- ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकाच वेळी मिसळा. अर्धं पाकीट, अर्धा तांब्या असा हिशोब करू नका. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेका.
- पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.
- दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा.
- झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. ओआरएस आणि झिंक आशा ताई, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.
- आईचं दूध आणि जेवण बंद करू नका. मऊ खिचडी, दही-भात, केळं चालू ठेवा.

दुकानात ओआरएस नावाने गोड पेयंही विकली जात होती. त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, खऱ्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला मनाई केली. मेडिकलवाल्याकडून पाकिटातली पावडरच मागून घ्या.

निघायची खूण: डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जाते, सहा तास लघवी नाही, मूल सुस्त पडलं, शौचात रक्त आहे, किंवा पाजलेलं सगळं उलटून पडतंय.

खोकला आणि श्वास: घड्याळ लावून मोजा

साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही. तो श्वासावरून कळतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना छाती-पोटावरचा कपडा वर करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा.

- दोन महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका. एकदा जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजा.
- २ ते १२ महिने: ५० किंवा जास्त.
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त.

श्वास एवढा वेगात असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकने सुरुवात करू नका.

साध्या सर्दीत नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळं करा, दूध आणि कोमट पाणी वारंवार द्या, चुलीच्या धुरापासून मुलाला लांब ठेवा. छातीवर गरम विटेचा किंवा सळईचा डाग देणं हा उपाय नाही, ती लेकराला इजा आहे.

खोकल्याच्या सिरपबद्दल सावध राहा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं भेसळयुक्त सिरपमुळे किडनी निकामी होऊन दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतल्यांना ती सहसा लागतच नाहीत.

ताप आणि झटके

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा बाळ उलट थंड पडलं, तर घरी काहीच करत बसू नका. दोन्ही जंतुसंसर्गाच्या खुणा आहेत. थेट दवाखाना.

मोठ्या मुलाचा ताप हाताने नाही, थर्मामीटरने बघा आणि वेळ-तारखेसह लिहून ठेवा. अंगावर चार गोधड्या घालू नका, हलके सुती कपडे घाला. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने, बर्फाच्या पाण्याने नको. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसं आहे. निमेसुलाइड बारा वर्षांच्या आतल्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही देऊ नका. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर रक्त तपासून घ्या. डेंग्यू आणि मलेरिया अंदाजाने कळत नाहीत.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर झोपवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लगेच १०८ लावा. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

औषध मोजून द्यायचं

घरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पॅरासिटामॉलचा एक डोस मुलाच्या दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम असतो. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवायचं आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. पण एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. दहा किलोच्या मुलाचा १५० मिलिग्रॅमचा डोस धरला तर:

- ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिलि.
- ५ मिलिमध्ये २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३ मिलि.
- १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर दीड मिलि.

म्हणजे ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली, तर डोस तिप्पट-चौपट होऊ शकतो आणि लिव्हरला इजा होते. म्हणून तीन सवयी लावा. मुलाचं ताजं वजन कार्डावर लिहा. डॉक्टरांकडून 'किती चमचे' नव्हे तर 'या बाटलीचे किती मिलि' हे विचारून बाटलीवरच लिहून घ्या. आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्या, घरच्या चमच्याने नको. एका मुलाचं उरलेलं औषध दुसऱ्याला देऊ नका. अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण करा.

अशक्त मूल आणि आईचं पोट

आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर मुलाचं वजन आणि दंड मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. अंगणवाडी ताईकडे रंगीत पट्टी असते, त्यात हे लालमध्ये दिसतं. अशा मुलाला नुसतं टॉनिक देऊन भागत नाही. सोबत ताप, जुलाब किंवा भूक न लागणं असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा. खिचडी, डाळ, उकडलेलं अंडं, मऊ शिजवून कुस्करलेला खिमा, भाकरी दुधात कुस्करून, हे सगळं आपल्याच चुलीवरचं आहे. बिस्किट-चहावर मूल वाढत नाही. आशा ताईंच्या पुढच्या भेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना असतात, त्यांत हेच बघितलं जातं.

रमजानमध्ये दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनमध्ये आहे. घरातल्या मोठ्यांनी तिला ती मोकळ्या मनाने घेऊ द्यावी. मसला आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या.

लांबलेला आजार असलेली मुलं

दमा, फिट्स, टीबी, जन्मजात अपंगत्व असलेल्या मुलांची देखभाल वर्षानुवर्षं घरातच होते. दम्याच्या पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. लहान मुलाला पंप स्पेसर लावून द्या. फिट्सची गोळी 'आता बरं आहे' म्हणून एकदम बंद करू नका. घरात कोणाला टीबी निघाला तर त्या घरातल्या मुलांची तपासणी आणि प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं ठेवून भरवू नका, बसतं करून हळूहळू भरवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. अशा मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळांत तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

घर सोडायची वेळ

कोणत्याही वयाचं मूल असो, या खुणांपैकी एक जरी दिसली तरी निघा:

- दूध किंवा पाणी पिणं बंद केलं.
- सगळं उलटून टाकतंय.
- झटके आले.
- हाक मारली तरी जागं होत नाही, किंवा अंग ढिलं पडलं.
- श्वास वेगात आहे किंवा छाती आत ओढली जाते.
- नवजात बाळाचं रडणं मंद झालं, पोट फुगलं, नाळेतून पू येतो, जन्मानंतरच्या पहिल्याच दिवशी पिवळं दिसतंय, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले.

पाथर्डी शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण माणिकदौंडीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून, खरवंडी किंवा टाकळीमानूर भागातून तिथे पोचायलाच वेळ लागतो आणि पुढे नगरला पाठवलं तर करंजी घाटातून आणखी सुमारे ५० किलोमीटर. म्हणून 'सकाळी बघू' हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा शब्द आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडी न्यायला-आणायला फुकट आहे, तातडीसाठी १०८ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत पैसे लागत नाहीत. निघताना कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि तापाची नोंद सोबत घ्या. वाटेत बाळाला छातीशी धरून गरम ठेवा, पिऊ शकत असेल तर पाजत राहा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीआधी निघतानाच कार्ड, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर सोबत बांधून घ्यावं. कारखान्याच्या तळावर पोचलं की तिथल्या आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवून बाकी राहिलेल्या लसी तिथेच घ्याव्यात.

निर्णय आधीच ठरवा

बऱ्याच घरांत अम्मीला रात्री अकरालाच कळलेलं असतं की लेकराचं काही खरं नाही. पण अब्बा कामावर बाहेरगावी, सासूबाई म्हणतात थांब, पैसे कोणाकडे ते माहीत नाही, गाडी कोणाची ते ठरलेलं नाही. यातच पहाट होते. आजार अंगावर आल्यावर हे ठरत नाही, म्हणून आजच ठरवा. वरची एक खूण दिसली की आईने कोणाला न विचारता निघायचं, हे घरातल्या पुरुषांनी तिला आधीच तोंडाने सांगून ठेवावं. दोनशे-पाचशे रुपये आणि कार्ड एका पिशवीत वेगळं ठेवावं. सोबत कोण जाणार आणि बाकीची मुलं कोण सांभाळणार, हे शेजारणीशी बोलून ठेवावं.

मोहल्ल्यालाही यात काम आहे. मस्जिदीच्या नोटीस बोर्डावर १०२, १०८, आशा ताईंचा आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोन तरुणांचा नंबर लावता येतो. जुम्याच्या बयानानंतर दोन मिनिटांत लसीकरणाचा दिवस सांगता येतो. बायकांच्या इज्तिमात आशा ताईंना बोलावून श्वास कसा मोजायचा हे सगळ्यांसमोर करून दाखवता येतं. गरीब घराच्या उपचारासाठी जकातची रक्कम कशी वापरायची, हे इमाम साहेबांना विचारून आधीच ठरवून ठेवता येतं.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांच्यापर्यंत वेळेत पोचण्यासाठी आहे. आज रात्री लेकरू झोपलं की मोबाईलवर एक मिनिट लावून त्याचे श्वास मोजून बघा. निरोगी असताना ते किती आहेत हे माहीत असेल, तर आजारात वाढलेले लगेच कळतील. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो, आमीन.